इन्सब्रुकला दीड तास नको, तीन रात्री द्या

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीसाठी युरोप सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या की त्यांत ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताची राजधानी इन्सब्रुक हमखास असते. सकाळी जवळच्या वाटेन्सला स्वारोव्स्कीचं स्फटिकांचं दालन, दुपारी इन्सब्रुकला जुन्या शहरातल्या सज्जावरच्या सोनेरी छपरासमोर फोटो, आणि बस पुढच्या मुक्कामाला. या शहराची उंची ५७४ मीटर. भर वस्तीतून निघून अर्ध्या-पाऊण तासात माणूस सव्वादोन हजार मीटरवर पोचतो, आणि दीड तासाच्या थांब्यात नेमकं तेच हुकतं. स्वतः आखणी करून जाणाऱ्यांनी इथे निदान तीन रात्री ठेवाव्यात, कारण डोंगर कधी दिसू द्यायचा हे तिथली हवा ठरवते.

शहराच्या उत्तरेला नॉर्डकेटेची रांग भिंतीसारखी उभी आहे. जुन्या राजवाड्याजवळच्या काँग्रेस स्थानकातून डोंगरी रेल्वे हुंगरबुर्गपर्यंत चढते. तिची चारही स्थानकं वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी रेखाटलेली, २००७ साली सुरू झालेली. तिथून एक रोपवे १,९०५ मीटरवरच्या झेग्रुबेला नेतो, म्हणजे दुसऱ्याच टप्प्यावर आपण कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्याही वर असतो. तिसरा टप्पा हाफेलेकारचा. स्थानकातून पंधरा मिनिटं चढलं की २,३३४ मीटरचा माथा. एका बाजूला इन नदी, घरांची छपरं आणि विमानतळाची धावपट्टी. पाठ फिरवली की दुसऱ्या बाजूला कार्वेन्डेलच्या उघड्याबोडक्या चुनखडीच्या रांगा, वस्तीचा मागमूस नाही.

आता अडचणी. पहिली आपल्या सुट्ट्यांची. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत टिरोलमधले बरेच रोपवे वार्षिक देखभालीसाठी काही दिवस किंवा काही आठवडे बंद असतात. स्कीइंगचा हंगाम संपलेला आणि उन्हाळा सुरू व्हायचा असतो, म्हणून हीच वेळ निवडतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रत्येक रोपवेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या बंद तारखा बघा. दोन हजार मीटरच्या वरच्या पायवाटांवर जूनच्या मध्यापर्यंत बर्फ असू शकतो. शाळेचं बंधन नसेल तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर गाठावा.

दुसरी अडचण फ्यॉनची. दक्षिणेकडून ब्रेनर खिंडीतून खाली उतरणारा हा कोरडा, उबदार वारा वसंतात आणि शरदात जास्त वाहतो. नवखा माणूस इथेच फसतो, कारण फ्यॉनच्या दिवशी आकाश लख्ख असतं आणि डोंगर हात लावावा इतका जवळ दिसतो. पण वर वाऱ्याचे झोत असतात आणि रोपवे बंद. अरुंद दरीतल्या विमानतळावर उतरणारी विमानंही अशा दिवशी कधी कधी दुसरीकडे वळवावी लागतात. जून ते ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून वर जायचं तर सकाळच्या पहिल्या फेऱ्यांनी.

तेव्हा डोंगराचा वार आधी ठरवू नये. सकाळी सातला नॉर्डकेटेचा थेट कॅमेरा बघावा, रोपवे चालू असल्याची खात्री करावी, मगच तिकीट काढावं. एक हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. शहरात २२ अंश असतील तर वर दहा-अकरा, आणि वारा वेगळा. वारा अडवणारं जाकीट आणि तळव्याला पकड असलेले बूट प्रत्येकाकडे हवेत. सपाट तळाच्या बुटांनी ओल्या चुनखडीवरून पाय सटकतोच. इन्सब्रुकजवळच्या श्टुबाय हिमनदीवरचं निरीक्षण-स्थळ तर ३,२१० मीटरवर आहे. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे जाऊ नये.

ढगाळ दिवस शहरासाठी ठेवा, तो वाया जात नाही. पावसात होफकिर्शे या चर्चला निवांत दोन तास द्यावेत. मधोमध सम्राट माक्सिमिलियन पहिला याचं भव्य स्मारक आहे आणि ते रिकामं आहे. १५१९ साली वारलेल्या या सम्राटाला पुरलंय ते व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटला. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीहून मोठे २८ काशाचे पुतळे. चिलखतांचे सांधे, झग्यांवरची नक्षी, पट्ट्याची बक्कल बारकाईने बघा. सोनेरी छपरावरचे २,६५७ तांब्याचे पत्रे सोन्याचा मुलामा दिलेले आहेत. सज्जा दक्षिणाभिमुख असल्याने ऊन पडलं की ते उजळतात. १७६५ सालची विजयकमानही चालत जाऊन बघावी: राजपुत्राच्या लग्नासाठी ती उभारली, त्याच सोहळ्यात त्याचे वडील सम्राट फ्रान्झ वारले, म्हणून दक्षिणेच्या बाजूला आनंदाचं शिल्प आणि उत्तरेच्या बाजूला शोकाचं.

रोपवे आणि प्रेक्षणीय स्थळांसाठी २४, ४८ आणि ७२ तासांचं इन्सब्रुक कार्ड मिळतं. तास पहिल्या वापरापासून मोजतात, म्हणून संध्याकाळी पोचल्यावर ते सुरू करू नका. प्रत्येक ठिकाण त्यावर एकदाच, त्यामुळे नॉर्डकेटेची फेरी ढगांत घालवली तर ती गेलीच. दोन किंवा जास्त रात्री राहणाऱ्यांना बरीच हॉटेलं वेलकम कार्ड मोफत देतात, त्यावर परिसरातल्या बस-ट्राम फुकट. ते आपण होऊन मागावं लागतं.

व्हिसात नेहमी होणारी चूक अशी: विमान म्युनिकचं म्हणून अर्ज जर्मनीकडे. युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या नियमानुसार ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम प्रवेश, त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेच्या गर्दीत तारीख मिळेल या भरवशावर राहू नये. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवण्याचा खर्च येतो का, हे पॉलिसीत वाचा. ऑस्ट्रियात डोंगरी बचावाचा क्रमांक १४०.

म्युनिक विमानतळावरून लोकलने मुख्य स्थानकापर्यंत जायची गरज नाही. इटलीकडे जाणाऱ्या गाड्या म्युनिक ओस्ट या पूर्वेकडच्या स्थानकावर थांबतात. तिथून इन्सब्रुक पावणेदोन तासांच्या आसपास. स्वस्तातलं आगाऊ तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं, विमानाला उशीर झाला की पैसे बुडतात. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत निदान तीन तास ठेवा. परतताना जर्मन हद्दीत पोलीस तपासणी होऊ शकते, मूळ पासपोर्ट हाताशी असू द्या.

शाकाहारी मंडळींसाठी: केझश्पेट्झ्ले (चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे) आणि श्लुट्झक्राप्फेन (पालक-चीज भरलेल्या करंज्यांसारखा पदार्थ) पोटभर होतात, पण आधी 'ओने श्पेक' म्हणजे डुकराच्या मांसाविना, असं सांगावं. सुपात तरंगणारा चीजचा गोळा दिसायला शाकाहारी असला तरी सूप बहुधा गोमांसाचं असतं. नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, बाटल्या विकत घेऊ नयेत. रविवारी दुकानं बंद, तेव्हा किराणा शनिवारीच घ्या.

आपल्या पर्यटन पुरवणीला एक विनंती आहे. आल्प्समधल्या ठिकाणावर लेख छापताना त्याखाली तिथल्या रोपवेंच्या त्या वर्षीच्या बंद तारखांची चौकट द्यावी. मे महिन्यात चौघांच्या कुटुंबाने लाखो रुपये खर्चून बंद दरवाजासमोर उभं राहणं त्यामुळे टळेल.

आपला,
एक वाचक, ठाणे