बाबांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, न विचारता लिहिणं बरं नाही. निघताना मी तुम्हाला नुसतं ‘थँक्यू’ म्हटलं. ते फारच तोकडं होतं, हे तेव्हाही कळत होतं. पण घसा इतका दाटून आला होता की पुढे बोलवेना. अजूनही व्हिएन्नातल्या त्या दुपारबद्दल कोणाला सांगायला लागले की माझं तेच होतं. म्हणून हे पत्र. ते जर्मन करून तुम्हाला पोस्टाने पाठवीनच. पण म्हाताऱ्या आईवडिलांना युरोप दाखवायला नेणारी आपली माणसं खूप आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून इथे उघड ठेवते आहे.

माझे वडील नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, राबले. डावा कान साच्यांच्या आवाजाने पार गेला. उजव्याने ऐकू येतं, तेही समोरचा जवळ येऊन सावकाश बोलला तर. तरुणपणी चाळीत लाल बावट्याचे अभ्यासवर्ग चालायचे. तिथे कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, की व्हिएन्ना शहराने कामगारांसाठी राजवाड्यासारखी घरं बांधली आणि पुढे सरकारनेच त्या घरांवर तोफा डागल्या. बाबांच्या लेखी व्हिएन्ना म्हणजे त्यांतलीच एक इमारत, कार्ल-मार्क्स-होफ. मोझार्ट नाही, राणीचा महालही नाही.

आमच्या टूरच्या मॅनेजरना मी मुंबईत असतानाच हे सांगून ठेवलं होतं. तिथे गेल्यावर ते म्हणाले, ‘‘ताई, तिथे बघण्यासारखं काही नाही. सरकारी क्वार्टर्स आहेत.’’ शोनब्रुनच्या राजवाड्यात माइकवरून भराभर माहिती दिली जात होती. बाबांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, तर ‘‘काका, ग्रुपला उशीर होतोय,’’ असं उत्तर आलं. एवढे पैसे मोजून आलेला माणूस सगळ्यांच्या मागे गप्प चालत राहिला. मला त्या कंपनीचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. वेळ नव्हता म्हणावं, तर दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार खरेदीसाठी मोकळी ठेवली होती.

त्याच दुपारी आम्ही दोघं यू-फोर मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत, हाइलिगनश्टाटला आलो. बाहेर पडलं की समोरच ती इमारत. एक किलोमीटरहून लांब, लालसर आणि पिवळी, खाली मोठमोठ्या कमानी. बाबा रस्त्याच्या कडेलाच थांबले. तुम्ही पिशवी घेऊन चालला होतात. ‘‘काही शोधताय का?’’ असं तुम्ही विचारलंत. ‘‘हेच बघायला आलोय,’’ म्हटल्यावर तुमचा चेहरा किती खुलला, मावशी!

कमानींसमोरच्या चौकात तुम्ही बोलायला सुरुवात केलीत. बाबांनी सवयीने मान थोडी तिरकी केली. तुम्ही वाक्य अर्धवट सोडलंत, त्यांच्याभोवती वळसा घालून उजवीकडे आलात आणि तेच वाक्य पहिल्यापासून सांगितलंत. कोणी काही सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यानंतर अंगणात, धुलाईघराशी, जिथे जिथे आम्ही वळलो तिथे तुम्ही न चुकता उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिलात. अरुंद जिन्यावर बाजू बदलता येत नव्हती, तर वर पोचेपर्यंत तुम्ही बोललाच नाहीत. भाषांतर मी करत होते, पण तुम्ही प्रश्न बाबांना विचारत होतात, त्यांच्याकडे बघून. बाकी सगळं मी कदाचित विसरेन, हे नाही विसरणार. बाबांसोबत दवाखान्यात जा, बँकेत जा, लग्नकार्यात जा, लोक त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलतात. बाबा मधे नुसते बसलेले असतात.

आणि काय काय सांगितलंत! १३८२ घरं, आर्किटेक्ट कार्ल एन, शहराने घरबांधणीसाठी लावलेल्या करातून उभा राहिलेला पैसा. जागेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भागावर बांधकाम, बाकी सगळी झाडं आणि अंगणं. पण बाबा खरे रमले ते त्याआधीच्या गोष्टींत. जुन्या व्हिएन्नातल्या कामगारांच्या इमारतींत पाण्याचा नळ बाहेर पॅसेजमध्ये, सगळ्या मजल्याला मिळून एक. त्याला बासेना म्हणायचे, आणि बायकांची भांडणं आणि गप्पा तिथेच. संडासही बाहेर. ज्यांना खोली परवडत नसे ते नुसता पलंग भाड्याने घेत, एक कामावर गेला की दुसरा त्यावर झोपे. बाबांनी माझा दंड धरला. ‘‘अगं, हे आमचंच सांगतायत. आमच्याकडे पण दिवसपाळीवाला गेला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा.’’ मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही बाबांना विचारलंत, ‘‘तुमच्या खोलीत किती जण होते?’’ एकशेसाठ चौरस फुटांत आठ, बाबा म्हणाले. तुमच्या आजीला १९३० साली इथे घर मिळालं तेव्हा रात्री संडासला जायला दाराबाहेर पडावं लागत नाही, यावरच तिचा किती तरी दिवस विश्वास बसला नव्हता, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. बाबा बराच वेळ मान हलवत राहिले. बीडीडी चाळीही १९२०च्या दशकातल्या, सरकारनेच बांधलेल्या. तिथे संडास मजल्यावर सामायिक होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. आता पुनर्विकासात त्या पाडल्या जात आहेत.

फेब्रुवारी १९३४ बद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. तोफा लागल्या ती बाजू दाखवलीत, तेव्हा मारल्या गेलेल्यांचा उल्लेख केलात, आणि महापौर कार्ल झाइट्झ उद्घाटनाला काय म्हणाले होते ते बाबांच्या कानाशी सावकाश सांगितलंत: आम्ही नसू तेव्हा हे दगड आमच्या वतीने बोलतील. बाबांना ते मराठीत सांगताना मला दोनदा थांबावं लागलं.

मग घरी नेऊन खुर्ची दिलीत, स्वयंपाकघरातल्या नळाचं गार पाणी दिलंत. हे डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून शहरात येतंय, असंही सांगितलंत. बाबांनी आणखी एक ग्लास मागून घेतला. अनोळखी घरात ते कधी काही मागत नाहीत.

युरोपातली माणसं चांगली आणि आपली वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत घंटी न मारणारे बेस्टचे कंडक्टर मी पाहिलेत. केईएममध्ये रांगेतल्या आजींना स्वतःचं स्टूल देणारी आया पाहिली आहे. अशा माणसांना समोरच्याची अडचण सांगावी लागत नाही, आणि केल्याचं ती बोलूनही दाखवत नाहीत. जग बरंचसं त्यांच्यावर चाललंय असं मला मनापासून वाटतं. तुम्ही त्यांतल्या आहात. फक्त तुमच्यापर्यंत पोचायला आम्हाला ग्रुप सोडून शेवटच्या स्टेशनापर्यंत यावं लागलं.

बाबा रोज कोणाला ना कोणाला तुमच्याबद्दल सांगतात. परवा फोनवर त्यांच्या जुन्या सोबत्याला कमानींच्या वर बसवलेल्या त्या चार मूर्तींचं वर्णन करत होते. त्यांतली एक आरोग्याची की व्यायामाची, यावर दोघांचा वाद झाला. तेवढं एकदा कळवा, म्हणजे वाद मिटेल.

मुंबईला या. मे महिन्यात नको, उकाड्याने हैराण व्हाल. डिसेंबर-जानेवारीत या. आमच्याकडेच उतरायचं, हॉटेल वगैरे काही नाही. नायगाव, लालबाग, परळ बाबा स्वतः दाखवणार आहेत. कुठून सुरुवात करायची आणि चहा कुठे प्यायचा, ते त्यांनी ठरवूनसुद्धा ठेवलंय.

तुमची,
नायगावच्या बाबांची मुलगी