टोकियोहून, जेवणाचा सविस्तर रिपोर्ट

प्रिय आई-बाबा,

आई, तू रोज मेसेज करतेस 'जेवलीस का' आणि मी नुसतं 'हो' पाठवते, कारण तुझे साडेसहा वाजलेले असतात तेव्हा इथे दहा वाजून गेलेले असतात आणि मी अंथरुणात पडलेली असते. आज रविवार आहे, टीममधली बाकीची मंडळी मागच्या आठवड्यातच परत गेली, म्हणून निवांत लिहितेय.

तर हो, एकटीच जेवते. पहिल्या दिवशी खरंच पाय उचलत नव्हता, हॉटेलच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. आपल्याकडे सांगलीत मी एकटी कधी हॉटेलात जेवलेय का सांग? एकदाच गेले होते, कॉलेजात असताना, तर वेटरने सरळ वर फॅमिली रूममध्ये पाठवलं आणि सहा जणांच्या टेबलावर मी एकटी बसून मसाला डोसा खाल्ला, म्हणजे मी एकटीच फॅमिली! इथे आत गेलं की विचारतात 'नानमेईसामा?' म्हणजे किती जण, आपण एक बोट वर करायचं की लगेच काउंटरपाशी जागा दाखवतात. एका ओळीत सगळे एकेकटे, तोंड स्वयंपाक्याकडे, कुणी कुणाकडे बघत नाही. पाणी फुकट, टीप द्यायचीच नाही, इथे तशी पद्धतच नाही.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते. स्टेशनजवळच्या नूडल्सच्या दुकानात दारातच मशीन असतं, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते ती काउंटरवर ठेवायची. बघितल्या बघितल्या तुमच्या पुण्यातल्या खानावळीची कूपनं आठवली, ते कूपनांचं पुस्तक तुम्ही अजून कपाटात ठेवलंय ना. काही दुकानांत तर खुर्च्याच नाहीत, ऑफिसची माणसं उभ्याउभ्या गरम सोबा, म्हणजे इथल्या एक प्रकारच्या नूडल्स, ओढतात आणि पाच-सात मिनिटांत बाहेर. आणि ओढतात म्हणजे अक्षरशः ओढतात, आवाज करत. आई, लहानपणी आमटीचा भुरका मारला की तू पाठीत धपाटा घालायचीस, इथे सगळं दुकान भुरके मारतंय आणि मीच तेवढी शहाण्यासारखी गप्प खाते, सवय जात नाही.

संकष्टीचं विचारशील म्हणून सांगते, सोडली नाही. पण अवघड आहे बाई, वरून अगदी शाकाहारी दिसणाऱ्या रश्श्यातसुद्धा बहुतेक वेळा सुक्या माशाचं पाणी असतं, दाशी म्हणतात त्याला. मग सुपरमार्केटात गेले तर दाराशीच छोट्या भट्टीत भाजलेली रताळी! इथे थंडीत लोक ती हौसेने खातात, याकिइमो म्हणतात, मधासारखी गोड. एक रताळं, दोन केळी, झाला उपास. चंद्रोदय मात्र कालनिर्णयमध्ये इथला कुठून असणार, फोनवर बघितला.

आज दुपारी मुद्दाम शिंजुकूला नाकामुराया नावाच्या ठिकाणी गेले. बाबा, रासबिहारी बोस, ज्यांचं नाव तुम्ही इतिहासाच्या तासाला घ्यायचात, ते 1915 साली इंग्रजांपासून पळून जपानला आले, तेव्हा ही पावाची बेकरी होती आणि मालक-मालकिणीने त्यांना मागच्या बाजूला लपवून ठेवलं. पुढे 1918 मध्ये या मालकांच्याच मुलीशी, तोशिकोशी, बोसांचं लग्न झालं. ती बिचारी 1925 मध्येच गेली. आणि 1927 मध्ये बेकरीने जेवणाचं हॉटेल काढलं तेव्हा जावयाच्या सांगण्यावरून आपल्यासारखी चिकन करी ठेवली, ती आजही मिळते! तळघरात आहे हॉटेल. हाडासकट चिकन, रस्सा वेगळ्या भांड्यात, भात वेगळा, चिकट. चव? आई, खोटं कशाला बोलू, तुझ्या तांबड्या रश्श्यापुढे अगदीच सौम्य आहे, पण पहिल्या चमच्याला मसाल्याचा वास आला आणि मला एकदम गलबलून आलं. हाताने खावंसं वाटत होतं, हाड चमच्याने कसं चोखणार, पण शेजारी दोन आज्या इतक्या नीटनेटक्या खात होत्या की धीर झाला नाही. हा माणूस 1945 मध्ये इथेच वारला, परत भारतात येणं झालंच नाही. मी तर पुढच्या शुक्रवारी येतेय, म्हणजे मला रडायचा काही हक्क नाही, तरी जरा वेळ पाणी पीत बसले.

आता रात्री बाहेर जायचा कंटाळा आला म्हणून खालच्या दुकानातून ओनिगिरी आणली, भाताचा त्रिकोणी गोळा असतो, आत खारवलेलं आंबट फळ, आपल्या लोणच्याचीच बहीण. वरच्या प्लास्टिकवर 1, 2, 3 आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं, मी घाईत भलतंच ओढलं आणि शेवाळाचा कागद फाटून सगळा भात मांडीवर. खोलीत बसून, टीव्हीवर न समजणाऱ्या बातम्या लावून, तोच वेचून खातेय.

बाबा, एक विचारायचं होतं. तुम्ही नेहमी सांगता की खानावळीत रविवारी दुपारी फीस्ट असायची, श्रीखंड-पुरी, आणि रात्री बंद. मग त्या रात्री तुम्ही काय खायचात?

तुमची,
सोनू