स्पायडर वर कशी घ्यायची ते

प्रिय भावड्या,

मेसेज वाचला, कॅन-ॲमची स्पायडर घेतलीस, पुढे दोन चाकं मागे एक अशी तीनचाकी, अभिनंदन! डीलरने ऑइल चेंजचा आकडा सांगितल्यावर डोळे पांढरे झाले म्हणतोस, होणारच. घरी करता येतं रे, फक्त गाडी वर कशी घ्यायची तेवढं नीट ऐक, कारण तू आपल्या बुलेटच्या हिशोबाने मागचं चाक उचलणारा स्टँड मागवायला निघालायस, तो नाद आधी सोड.

हिचा पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकाला लागतो. मागचं चाक उचललंस की ब्रेक गेला हवेत, पुढची दोन्ही चाकं मोकळी, आणि ४०० किलोच्या वरचं ते धूड सरकायला लागलं तर तू काय आडवा पडणार आहेस का? त्यात तुझी सेमी ऑटोमॅटिक, क्लच सेंट्रिफ्यूगल (इंजिन फिरलं तरच पकडणारा), इंजिन बंद झालं की क्लच सुटतो, म्हणजे आपण घाटात गाडी गियरमध्ये टाकून लावायचो ते इथे चालत नाही, फर्स्टमध्ये असली तरी ढकलली की जाते.

मी जॅकच्या भानगडीतच पडत नाही. टू बाय टेनच्या लाकडी फळ्या आणायच्या (जाडी नावाला २ इंच, भरते दीड), तीन एकावर एक, खालची लांब वरची आखूड अशा पायऱ्या करून स्क्रूने घट्ट आवळायच्या, आणि अशा तीन पट्ट्या, दोन पुढच्या चाकांना, एक मधे मागच्याला. साडेचार इंच कमी वाटेल पण हात, पाना आणि ट्रे आरामात जातो, शिवाय गाडी लेव्हल राहते. कारचे तयार रॅम्प घेऊ नकोस, हिचं नाक खाली असतं, चढताना प्लॅस्टिक घासतं. फळ्यांखाली रबर मॅट टाक नाहीतर गुळगुळीत फरशीवर चाक चढायच्या ऐवजी फळीच मागे पळते, टोकाला आडवा ठोकळा ठोक, आणि चढवताना वहिनींना बाजूला उभं कर, समोर नाही.

जॅकच लावायचा असेल तर फक्त पुढून, मागच्या चाकाला दोन्हीकडून गुटके, टेकू फ्रेमला, इंजिनच्या तळाला चुकूनही नाही. आणि खाली स्टँड लावून गाडी हाताने गदागदा हलवून बघितल्याशिवाय आत डोकं घालायचं नाही, हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही.

बाकी सोपंय. १३३० सीसी इंजिनला ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचे) दोन असतात, एकच खोलून बसू नकोस, आणि सेमी ऑटोमॅटिकला मेन फिल्टरशिवाय एक छोटा फिल्टर वेगळा. ऑइल ५डब्ल्यू-४०, जवळपास ५ लिटर. जुनं ऑइल बरीच पार्ट्सची दुकानं फुकट घेतात.

करवत नसेल तर फळ्या दुकानातच कापून माग. आणि चाकं चढवायच्या आधी व्हिडिओ कॉल कर, मला स्क्रू बघायचेत.

तुझाच,
गॅरेजवाला