काकूंना पॅरिसला नेण्याआधी

प्रिय संज्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. माझी शुगर ताब्यात आहे, आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बस. फोन केला असता, पण फोन घेतला की बाबा समोरच्या खुर्चीत असतात आणि जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. शिवाय बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग धरणाऱ्या अण्णांच्या मुलालाच हे कळेल. मेधाला मी सांगून बघितलं. ती म्हणते, पाकीट गेलं, पासपोर्ट वाचला, देव पावला. तिचं बरोबरच आहे, पण ती एसटी कॉलनीत वाढलेली नाही.

पॅरिसच्या मेट्रोत बाबांचं पाकीट मारलं. संज्या, बाबांचं! आषाढीच्या जादा गाडीत, पायरीपर्यंत माणूस लोंबकळत असताना, खांद्याला चामडी बॅग अडकवून जो माणूस मागच्या सीटपर्यंत तिकिटं फाडत जायचा आणि डेपोत कॅश भरताना ज्याला कधी एक रुपया शॉर्ट आला नाही, त्याचं. स्टँडवरचे खिसेकापू त्यांना लांबून नमस्कार करून दुसरी गाडी बघायचे, हे अण्णाच सांगायचे ना?

कसं झालं ते नीट सांगतो, कारण मे महिन्यात तू काकूंना घेऊन त्याच वाटेने जाणार आहेस.

सहा नंबरची मेट्रो आहे. पासी स्टेशन सुटलं की ती सेन नदीवरच्या पुलावर येते आणि डाव्या हाताला आयफेल टॉवर अख्खाच्या अख्खा दिसतो, मध्ये काहीच नाही. डब्यातले सगळे प्रवासी त्या बाजूला वळतात, फोन वर जातात, पोरं ओरडतात. पुढचंच स्टेशन बीर-हाकेम, टॉवरला जायचं तर तिथेच उतरायचं. म्हणजे माना एका बाजूला, हात वर, आणि मिनिटभरात सगळ्यांची दाराकडे झुंबड. चोराला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. दार उघडलं तशी एक पोरगी दारातच थबकली, वाकून बुटाची नाडी बघायला लागली. मागची गर्दी अंगावर आली. बाबा सवयीने मराठीत म्हणाले, "चला, पुढे सरका, दार मोकळं करा." आम्ही हसलो. ती पोरगीही हसली आणि बाजूला झाली. फलाटावर आल्यावर बाबांनी खिसा चाचपला आणि तिथेच उभे राहिले. आरडाओरडा नाही, शोधाशोध नाही. गाडी निघून गेली होती. दारातली ती आणि बाबांच्या पाठीला लागलेली दुसरी, दोघी सोळा-सतराच्या, पाठीला सॅक, केस नीट बांधलेले. कॉलेजला निघालेल्या पोरी वाटाव्यात अशा.

पैसे फार नव्हते. पासपोर्ट आणि मोठ्या नोटा बंडीच्या चोरकप्प्यात होत्या. आईने जाण्याआधी सगळ्यांच्या कपड्यांना आतून कप्पे शिवले होते, तेव्हा मेधाची बहीण हसली होती. आता तिनेही शिवून घेतलेत.

मला छळतंय ते वेगळंच. त्या रात्री हॉटेलात मला झोप लागली असं समजून बाबा आईला म्हणाले, "मी टॉवर बघत होतो गं. गाडीत बाहेर बघायचं नसतं. नव्या पोरांना मीच शिकवायचो."

एवढंच म्हणाले. पुढचे सगळे दिवस ते बसमध्ये खिडकीच्या आतल्या बाजूला बसले, दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर. बाहेर आल्प्स होते, संज्या! आयुष्य गाडीत काढलं आणि खिडकी कधी मिळाली नाही म्हणून मी त्यांना तिथे नेलं होतं. आणि आता? ज्येष्ठ नागरिक संघाचं खजिनदारपद सोडलं. कपाटाची चावी आणि वही नेऊन दिली, "आता माझं लक्ष राहत नाही" म्हणून. मंडईत जात नाहीत. पेन्शन काढायला मला सोबत नेतात. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. काही झालेलं नाही हे मलाही दिसतं. एका पोरीच्या हातचलाखीवरून त्यांनी स्वतःला म्हातारं ठरवून टाकलंय आणि ते मला पटत नाही. अजिबात पटत नाही.

कारण आदल्याच दिवशी हाच माणूस आमच्या ग्रुपचा वाटाड्या होता. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर नावाचं पांढरं चर्च आहे, त्याच्या पायथ्याशी दोऱ्याचे कंडे विणणारे लोक उभे असतात. गोड बोलत बोटाला दोरा अडकवतात, बघता बघता मनगटावर कंडा विणून होतो, मग पैसे मागतात आणि सुटता येत नाही. बाबांनी सगळ्यांना आधीच सांगितलं, हात खिशात घाला आणि चालत राहा, उत्तर देऊ नका. टॉवरजवळ तीन पेल्यांचा खेळ मांडला होता, गोटी कुठल्या पेल्याखाली ते सांगायचं. ग्रुपमधले एक इंजिनियर साहेब पन्नासची नोट काढायला लागले. बाबांनी त्यांचा दंड धरला. "जो जिंकतोय तो त्यांचाच माणूस आहे. ती टोपीवाली पण त्यांचीच. आणि तो कोपऱ्यावरचा पोलीस आला की शिट्टी मारणारा." तंतोतंत निघालं, पाचच मिनिटांत शिट्टी वाजली आणि सगळे पांगले. कुणी जमिनीवरून सोन्याची अंगठी उचलून "तुमची का?" विचारतं, कुणी पुठ्ठ्यावर कागद लावून सही मागतं आणि त्या पुठ्ठ्याखालून दुसरा हात पर्सकडे जातो. हे सगळं त्यांनी हेरलं. भाषा एक अक्षर येत नाही, पण गर्दी वाचता येते. असा माणूस लक्ष राहत नाही म्हणतो!

आणि हे काय फक्त आपल्या माणसांच्या बाबतीत होतं? २०१३ च्या एप्रिलमध्ये लूव्र संग्रहालय दिवसभर बंद राहिलं होतं, का माहीत आहे? आतल्या पाकीटमारांना कंटाळून पहारेकऱ्यांनीच काम थांबवलं. त्यात लहान मुलं होती, कारण मुलांना तिथे तिकीट नाही. २०१५ च्या मे महिन्यात आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणाने काम बंद ठेवलं, लोक खाली ताटकळले. जिथे राखण करणारेच हात टेकतात तिथे आपण चार दिवसांचे पाहुणे. मेट्रोत तर फ्रेंच, इंग्रजी आणि आणखी कुठल्या कुठल्या भाषांत खिसे सांभाळा म्हणून घोषणा होत असतात. मला तर वाटतं घोषणा झाली की लोक आपसूक पाकीट चाचपतात आणि बघणाऱ्याला जागा कळते. बाबांनीच हे सांगितलं होतं, पहिल्या दिवशी.

२०२५ च्या दिवाळीत, १९ ऑक्टोबरला, लूव्रमधून राजघराण्याचे दागिने गेले ते तू पाहिलंसच. दिवसाढवळ्या, शिडीची गाडी लावून, काही मिनिटांत. मी फराळाचं ताट घेऊन बाबांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, बाबा, राण्यांचे दागिने राखता येईनात त्यांना, तिथे आपलं पाकीट ते काय! ते उठून आत गेले. चकली तशीच ताटात.

आता तुझं. ग्रुपने जातोयस म्हणून निर्धास्त राहू नकोस. आमच्यातल्या सोलापूरच्या एका बाईंची पर्स हॉटेलात गेली, सकाळच्या नाश्त्याला. टेबलाशी खुर्चीला लावली आणि ज्यूस आणायला उठल्या. हॉटेलच्या पाहुण्यासारखाच दिसणारा माणूस आला आणि घेऊन गेला. त्यात पासपोर्ट. पासपोर्ट गेला की त्यावरचा शेंगेन व्हिसाही, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, तोही गेला, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आधी पोलीस चौकीत तक्रार, मग आपला दूतावास, आणि तिथून मिळतो तो आणीबाणीचा दाखला फक्त भारतात परत यायला चालतो. त्यांचं स्वित्झर्लंड राहिलं, मुलगाही त्यांच्याबरोबर परत आला. पोलिसांच्या तक्रारीची प्रत जपून ठेवायची, विमा तिच्यावाचून मिळत नाही. तेव्हा काकूंचा पासपोर्ट काकूंच्या अंगावर, तुझा तुझ्या. सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत घालून ती पिशवी वहिनींकडे, ही तुझी सवय मला माहीत आहे. गोव्याला गाडीच्या चाव्या, लायसन, पैसे सगळं एकाच डब्यात ठेवून तू काय केलं होतंस त्यावर आपण दोन महिने बोलत नव्हतो. अजूनही माझंच बरोबर होतं.

फोनचं जास्त जपा. दार बंद व्हायच्या क्षणी हातातला फोन हिसकून फलाटावर उडी मारतात, तू आत आणि फोन बाहेर. आणि आपला सगळा जीव त्या फोनात. कार्ड बंद करायचं तर ओटीपी त्याच नंबरवर येणार. म्हणून दाराशी उभं राहून फोन काढायचा नाही. बँकेचे नंबर कागदावर लिहून वेगळ्या खिशात, दोन कार्डं दोघांकडे, पासपोर्टची झेरॉक्स सुटकेसमध्ये आणि फोटो तुझ्या मुक्ताकडे पाठवलेला. कॅफेत बाहेरच्या टेबलावर फोन ठेवायचा नाही. कुणी नकाशा पसरून पत्ता विचारत आला की आधी टेबलावरचं उचलायचं, मग पत्ता सांगायचा. अडलं तर ११२ फिरवायचा, युरोपात कुठेही चालतो.

मुक्ता स्टुटगार्टहून रेल्वेने येणार म्हणालास, म्हणजे ती पॅरिसच्या गार द लेस्ट स्टेशनला उतरेल. तिला सांग, सामान दारालगतच्या रॅकवर टाकून झोपू नको, स्टेशनात गाडी थांबते तेव्हा डोळे उघडे ठेव. स्टेशनात "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्याबरोबर जायचं नाही, बाहेर रांग असते तिथेच उभं राहायचं. तिला नोकरी लागली हे आईकडून कळलं, फार आनंद झाला, शाबासकी सांग. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? प्लॉटची मोजणी झाली का? काकूंना पॅरिसमध्ये खूप चालावं लागेल, बूट आत्तापासून वापरायला लाव.

एवढं सगळं लिहिलं ते घाबरवायला नाही. उलट सांगतो, ही तयारी निघण्याआधी घरी बसून करायची ती तिथे डोळे मोकळे राहावेत म्हणून. तो पूल आला की काकूंना टॉवर बघू दे. मनसोक्त बघू दे. पाठीमागे तू उभा राहा, पाठ गर्दीकडे करून. तिकडे दोन हात पिशवीवर ठेवून जमिनीकडे बघत फिरायचं असेल तर कराडच्या स्टँडवर बसलेलं काय वाईट? बाबांनी टॉवर बघितला हे मला त्या सहलीतलं सगळ्यात चांगलं वाटतं. मी तेव्हा टॉवरकडे बघतच नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो. अण्णा एकदा घाटात गाडी थांबवून सगळ्या पॅसेंजरांना इंद्रधनुष्य दाखवायचे म्हणून हटून बसले होते आणि बाबा डबल बेल मारत होते, आठवतं? तो बेल मारणारा माणूस तोंड उघडं टाकून बघत होता, संज्या. लहान पोरासारखा. त्याची त्यांना लाज वाटते, हे मला सहन होत नाही.

तर तुझ्याकडे काम आहे. येत्या रविवारी दुपारी चहाच्या वेळी बाबांना फोन कर. माझं पत्र आलं हे बोलू नकोस. "वाईट झालं" म्हणू नकोस, धीर तर मुळीच देऊ नकोस, तो देऊन आम्ही दमलोय. काकूंना घेऊन चाललोय, मेट्रोत काकूंना कुठे उभं करू, पैसे कसे वाटून ठेवू, एवढं विचार. तपशिलात विचार, कंडेवाले कुठे असतात, पेल्यांच्या खेळात माणसं किती असतात. अण्णा असते तर त्यांनाच विचारलं असतं असं म्हण, ते खरंच आहे. आणि हळूच आषाढीचा विषय काढ. त्या वारकरी आजीचे पैसे मारणाऱ्याला अण्णांनी आरशात बघून ओळखलं आणि गाडी थेट पोलीस ठाण्याच्या आवारात घातली, असं तुझं म्हणणं. बाबांनी आधी दोन बेल देऊन खूण केली, असं माझं. हा वाद आपला सातवीपासून चाललाय. तू तुझंच खरं म्हणून बाबांना ऐकव. ते चिडतील. चिडू दे. संघाची ती वही नेऊन दिल्यापासून ते कुणावर चिडलेले नाहीत.

शक्य असेल तर फोनवर न थांबता एखाद्या शनिवारी टूरचा कागद घेऊन पुण्यालाच ये. दिवसाचा कार्यक्रम त्यांच्यापुढे ठेव आणि खुणा करून माग. येताना काकूंचे दोन परकर आण. चेनवाला कप्पा आतून लावून देते म्हणाली आई, पण मापाला जुने हवेत, नवे नकोत, आणि नाडी काढून आण.

तुझा,
विन्या