इरिडियमच्या कामावर जाण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू रेडिओग्राफीच्या, म्हणजे इरिडियमच्या गॅमा किरणांनी वेल्डिंगचे जोड तपासायच्या कामावर निघालास आणि तुम्ही दोघं आता मुलाचा विचार करताय, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. नियमात राहून मिळणाऱ्या डोसमुळे मूल व्हायला अडचण येत नाही. एका चुकीने मात्र येऊ शकते.

एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळालेल्या किरणांच्या डोसाचं माप) आहे, आणि एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. वृषणाला दर वर्षी ४०० च्या आसपास मिळत राहिले तर शुक्राणू घटतात. एकदम मिळाले तर १०० ते १५० सुद्धा पुरतात, आणि साडेतीन ते सहा हजारांवर वंध्यत्व कायमचं होतं. शुक्राणू घडवणाऱ्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्या नाजूक. संप्रेरक बनवणाऱ्या पेशी चिवट. त्यामुळे ताकद, दाढी, इच्छा सगळं जागच्या जागी राहतं आणि माणसाला पत्ताच लागत नाही.

आता सोर्सचं, म्हणजे किरण सोडणाऱ्या इरिडियमच्या तुकड्याचं बघ. २५ क्युरी (सोर्सच्या ताकदीचं माप) इरिडियमपासून एक मीटरवर तासाला साधारण १२० मिलिसिव्हर्ट मिळतात. दहा सेंटिमीटरवर त्याच्या शंभरपट, म्हणजे मिनिटाला २००. हा सोर्स ज्यावर बसवलेला असतो ते पिगटेल दिसायला वीतभर लवचिक तार, टोकाला इवलीशी कॅप्सूल. पेरूमध्ये यानांगो इथे १९९९ साली एका वेल्डरने अशीच तार उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली. त्याला पाय गमवावा लागला. छातीवरचा टीएलडी बॅज (डोस नोंदवणारा बिल्ला) खिशातल्या सोर्सचा खरा डोस सांगत नाही, हेही ध्यानात ठेव.

सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे जाड कवचाच्या पेटीत असतो; क्रँक (हँडल) फिरवून ड्राइव्ह केबलने तो गाइड ट्यूब नावाच्या नळीतून बाहेर ढकलायचा आणि परत ओढायचा. क्रँक पूर्ण मागे फिरला म्हणजे सोर्स आत आला, असं कधीच धरू नकोस. ड्राइव्ह केबलचं कनेक्शन नीट बसलेलं नसलं तर केबल एकटीच परत येते आणि पिगटेल गाइड ट्यूबमध्ये राहतं. म्हणून जोडल्यावर हाताने ओढून बघ, ट्यूबला कुठे मुरड नाही ना तेही बघ. प्रत्येक शॉटनंतर (एकेक फोटो काढून झाल्यावर) किरण मोजणारा सर्व्हे मीटर चालू ठेवूनच पुढे जा. आधी कॅमेरा चारही बाजूंनी, मग ट्यूब टोकापर्यंत, आणि त्यानंतरच लॉक. बंद कॅमेऱ्याचं रीडिंग सकाळीच लिहून ठेव. त्याहून जास्त दिसलं तर मागे हट, कुणी जवळ येऊ नये म्हणून दोरी लांब बांध, आरएसओला (किरण सुरक्षा अधिकाऱ्याला) बोलाव. हात कुणीही लावायचा नाही. एक्स-रेचा लेड एप्रन इरिडियमपुढे जवळपास निरुपयोगी आहे, त्याच्या भरवशावर जवळ जाऊ नकोस.

रुजू होण्याआधी वीर्य तपासून घे. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना दे आणि रिपोर्ट जपून ठेव. पुढे कधी दुर्घटना झालीच, तर लगेचचा रिपोर्ट चांगला येतो, त्यावर विसंबू नकोस. आधीच तयार झालेले शुक्राणू त्यात दिसतात. शुक्राणू तयार होण्याचा एक फेरा सुमारे ७४ दिवसांचा (योगायोगाने इरिडियमचं अर्धायुष्यही तेवढंच), म्हणून खरी घट सहा-आठ आठवड्यांनी कळते. तपासणी पुन्हा पुन्हा कर, आणि निदान सहा महिने गर्भधारणा टाळा. एक ग्रेच्या (इथे हजार मिलिसिव्हर्टच्या) आसपास डोस मिळाला असेल तर संख्या भरून यायला ९ ते १८ महिने लागतात. चार ग्रेच्या वर पाच वर्षं किंवा जास्तही, नाहीतर भरून येतही नाही. होणाऱ्या बाळाची भीती मात्र सायलीच्या मनात राहू देऊ नकोस. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलेलं नाही.

पहिल्या दिवशी मीटरची बॅटरी आणि कॅलिब्रेशनची तारीख बघ, आणि संध्याकाळी मला कळव.

तुझे,
बाबा