दोन प्रयोगांमधले पावणेदोन तास

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाटक जाहीर वेळेला सुरू होत नाही, अशी तक्रार करणारी पत्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. तक्रार रास्त आहे. साडेआठची तिसरी घंटा पावणेनऊला झाली की प्रयोग सव्वाअकरापुढे जातो आणि लोकलने कल्याण-डोंबिवली गाठायची असलेल्या प्रेक्षकाला शेवटचा प्रवेश घड्याळाकडे डोळा ठेवून बघावा लागतो. मात्र शनिवार-रविवारच्या या उशिराचे मूळ बहुतेक वेळा दुपारचा पडदा पडल्यानंतरच्या तासाभरात असते. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात नट आराम करतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्या वेळात आत नेमके काय चालते, ते कळले तर उशीर का होतो आणि कशाने टळेल हेही कळेल, म्हणून हे पत्र.

हिशेब मांडून बघा. दुपारी ४चा प्रयोग सव्वाचारला सुरू झाला, दोन अंक मिळून सव्वादोन तास आणि मध्यंतराची १५ मिनिटे धरली, तर पडदा पावणेसातला पडतो. रात्रीचा प्रयोग साडेआठचा. हातात पावणेदोन तास. साध्या भूमिकेच्या रंगभूषेला २० मिनिटे पुरतात, पण म्हातारपण, दाढी-मिशी, टोप (खोटे केस) असेल तर ४५ लागतात. नऊवारी नेसून, पिनांनी पक्की करून, अंबाडा घालायचा तर तेवढाच वेळ. सव्वाआठला सगळे तयार हवेत, म्हणजे साडेसातला आरशासमोर बसलेच पाहिजे. उरली ४५ मिनिटे. त्यातली २०-२५ आत भेटायला आलेल्या मंडळींबरोबर फोटो काढण्यात जातात, १० कपडे उतरवण्यात. जेवण, बाथरूम, पाठ टेकणे आणि गळ्याला विसावा, या सगळ्यासाठी १०-१५ मिनिटे राहतात. तीही निर्धास्त नसतात.

एका मिशीचेच बघा. जाळीवर विणलेली मिशी स्पिरिट गमने, म्हणजे रंगभूषेच्या डिंकाने, चिकटवतात. अडीच तास घाम, बोलणे आणि हसणे यांमुळे ती आधी ओठांच्या कोपऱ्यांपाशी सुटते. तशीच ठेवून वरून गम लावला, तर रात्रीच्या पहिल्या अंकातच कोपरा लोंबायला लागतो, कारण जुन्या गमाच्या आणि घामाच्या थरावर नवा गम धरत नाही. म्हणून ती उतरवावीच लागते. घाईत ओढली तर वरच्या ओठाची कातडी सोलवटते. बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून जाळीच्या कडेने फिरवायचा, मिनिटभर थांबायचे, मग कडेकडून मध्याकडे हळूहळू सोडवत न्यायचे. जाळीत राहिलेला गम काढायचा, चेहऱ्याला खोबरेल लावून रंग पुसायचा, साबणाने तेलाचा अंश घालवायचा, कारण तेलकट कातडीवर गम बसत नाही. एवढे झाल्यावर त्या कातडीला निदान २०-२५ मिनिटे मोकळी हवा मिळाली पाहिजे. नाहीतर दुसऱ्यांदा गम लावताच आग होते आणि लागोपाठ चार शनिवार-रविवार असे झाले की पुरळ उठते. फोटोसाठी नटाला थांबवून ठेवले जाते, तेव्हा ही २० मिनिटे खर्च होत असतात.

कपड्यांचेही असेच. घामाने भिजलेला अस्तराचा ब्लाऊज किंवा कोट पंख्याखाली तासाभरात वाळत नाही. दमट कपडा अंगावर चढवून वातानुकूलित रंगमंचावर उभे राहिले की पाठ धरते, खांदे आखडतात. ज्या निर्मात्यांकडे प्रत्येक भूमिकेचा दुसरा जोड असतो, तिथे हा प्रश्न मिटतो. नवे नाटक उभे करताना कपडेपटाच्या खर्चात ब्लाऊज, शर्ट आणि बनियन दोन-दोन धरावेत. साडी एकच असली तरी चालते.

पडद्यामागच्या मंडळींचे काम त्याच वेळात. शेवटच्या प्रवेशात जशी मांडणी असते, तिथून सगळे उलटे फिरवून पहिल्या प्रवेशाला आणायचे. फाडलेले पत्र नवे लिहायचे, फुटलेल्या कपाच्या जागी तसाच दुसरा, तांब्यात ताजे पाणी, टेलिफोन डाव्या टेबलावर, छत्री दाराच्या आत, चष्मा टेबलाच्या खणात. घरगुती नाटकातही अशा ३०-४० वस्तू सहज निघतात. यादी लिहून भिंतीला लावलेली असेल आणि एकाने वाचून दुसऱ्याने हात लावून ताडली, तर हे २० मिनिटांत होते. आठवणीवर सोडले तर एक वस्तू हमखास राहते आणि ऐन प्रवेशात नट रिकाम्या खणात हात घालतो. त्यानंतर रंगमंच झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या सुट्या भिंती, हलवले की धूळ उडते, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत बोलणाऱ्याच्या घशात जाते.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याकडे फार दुर्लक्ष होते. पडदा पडल्यापासून २० मिनिटांत नटाच्या पोटात अन्न गेले, तर पुढच्या प्रवेशापर्यंत सव्वा-दीड तास मिळतो. साडेसातला जेवला तर भरलेले पोट घेऊनच तो रंगमंचावर जातो. पोट भरलेले असले की श्वासपटल पुरते खाली उतरत नाही, श्वास तोकडा पडतो आणि एका दमात म्हणायचे लांब वाक्य मधेच तुटते. वर ढेकर आणि आंबट पाणी. नाट्यगृहाच्या उपाहारगृहातला बटाटेवडा मराठी प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याचा आहे, पण संध्याकाळी पावणेसातला आत मिळणारे अन्न फक्त तेवढेच असेल तर नटाच्या घशासाठी ते वाईट. दोन पोळ्या, कमी तिखटाची भाजी, वाटीभर वरण-भात, एखादे केळे, एवढे बस होते. मधुमेह असलेल्या ज्येष्ठ कलाकारांची गोष्ट आणखी नाजूक. जेवणाआधीचे इन्शुलिन घेतले आणि सत्कारामुळे किंवा भेटीगाठींमुळे ताट २०-३० मिनिटे लांबले, तर साखर उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, शब्द सुचेनासे होतात. डबा समोर आल्याशिवाय सुई घेऊ नये आणि विंगेत साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठरलेल्या जागी ठेवावी, ही जबाबदारी रंगमंच व्यवस्थेतल्या एकाने उचललीच पाहिजे.

आता आवाज. अडीच तास शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकल्यानंतर स्वरतंतू सुजलेले असतात. त्यांना अर्धा तास गप्प राहणे हवे असते. कुजबुजून बोलणे म्हणजे विश्रांती, हा गैरसमज आहे. त्यानेही ताण येतोच. खाकरून घसा साफ करण्याने तर तंतू एकमेकांवर आपटतात. घोट-घोट साधे पाणी, पाच-सात मिनिटे वाफ, मग ओठ मिटून ‘म्’चा हलका गुंजार, आणि शेवटची दहा मिनिटे शब्दांची उजळणी, हा क्रम चांगला. याच्या नेमके उलटे घडते ते मेकअप रूममध्ये. तिथे ३० माणसे एकदम बोलत असतात, त्या गलक्यावर आवाज चढवून नट प्रत्येकाला उत्तर देतो, आणि दुपारी जेवढा घसा शिणला नसेल तेवढा या वीस मिनिटांत शिणतो. रात्री दुसऱ्या अंकात आवाज फाटला की प्रेक्षक म्हणतात, आज मेहनत घेतली नाही.

स्त्री कलाकारांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. अनेक नाट्यगृहांत रंगमंचामागचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते, कुठे दाराला कडी नसते, कुठे संध्याकाळी पाणी गेलेले असते. म्हणून त्या दुपारपासून पाणीच कमी पितात. घसा कोरडा पडतो तो यामुळे, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो तोही यामुळे. दौऱ्याच्या बसमध्येही तेच. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. रात्रीचा प्रयोग संपून, सेट उतरवून, टेम्पो भरून निघायला दीड वाजतो. रस्त्यात खात्रीचे स्वच्छतागृह कुठे मिळेल हे ठरलेले नसते, त्यामुळे प्रवासभर तोंड कोरडे ठेवून बसायचे. सकाळी पोचल्यावर खोल्या बाराशिवाय मिळत नाहीत. दौरा आखताना खोल्या आदल्या रात्रीपासून घेतल्या, तर खर्च एका दिवसाने वाढतो, पण संध्याकाळी रंगमंचावर येणारा नट चार तास झोपलेला असतो.

दोन प्रयोग दोन नाट्यगृहांत असले की घड्याळाशी खरी झटापट होते. पुण्यात दुपारी साडेबाराला बालगंधर्व रंगमंदिर आणि संध्याकाळी साडेपाचला चिंचवडचे रामकृष्ण मोरे नाट्यगृह, असे वेळापत्रक धरू. पहिला पडदा तीनच्या पुढे पडतो. सेट सुटा करून टेम्पोत भरायला पाऊण तास. सुमारे १५ किलोमीटरला रविवारी आणखी पाऊण तास. उतरवून, उभा करून, लाइट लावून फोकस करायला किमान दीड तास. म्हणजे तिसरी घंटा सव्वासहाला. साडेपाचला ती होणे शक्यच नाही, हे तारीख घेतानाच कागदावर दिसते. उपाय दोनच. एकतर दुसरा सेट आणि दुसरी टीम आधीच तिकडे उभी, नाहीतर घडीचे फ्लॅट आणि मोजक्या लेव्हलवरचे (चौथऱ्यांवरचे) सुटसुटीत नेपथ्य, जे ४० मिनिटांत लागते. दादरचे शिवाजी मंदिर ते माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर एवढे अंतर जवळचे असले तरी वाचतो तो फक्त टेम्पोचा वेळ, सेट लावण्याचा नव्हे. दोन वेगवेगळ्या नाटकांत काम करणाऱ्या नटाचे हाल याहून निराळे. दुपारचे शब्द डोक्यात ताजे असतात आणि रात्री सारखाच ‘क्यू’ (आपले वाक्य सुरू करण्याची खूण) आला की जिभेवर भलत्याच नाटकाचे वाक्य येते. त्याला गाडीत झोप नको असते, संहिता हवी असते.

मालिकेतून येणाऱ्या कलाकाराचा उशीर वेगळा. घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवरून सहाला सुटलेला माणूस आठला पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाला पोचेल, असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. प्रयोगाच्या दिवशी चारला सोडण्याचे मालिकेच्या करारात लिहून घ्यावे. तोंडी कबुली चित्रीकरण लांबले की टिकत नाही.

हे सगळे ठाऊक असून कलाकार नाही म्हणत नाही, कारण त्याला पैसे ‘नाइट’वर, म्हणजे दर प्रयोगामागे, मिळतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. पडद्यामागच्या कामगारालाही तेच लागू. दुहेरी प्रयोगाच्या दिवशी तो दुपारी बाराला येतो आणि मध्यरात्रीनंतर सेट भरून निघतो.

नाट्यगृह व्यवस्थापनांना विनंती अशी की, सकाळच्या सत्रातले स्नेहसंमेलन किंवा सभा लांबली तर ती ठरल्या वेळेला थांबवण्याचे धैर्य दाखवावे. सकाळी गेलेला अर्धा तास रात्रीपर्यंत भरून निघत नाही. दुपारच्या पडद्यापासून रात्रीच्या जाहीर वेळेपर्यंत दोन तास मोकळे राहतील अशीच सत्रे लावावीत, म्हणजे चारऐवजी साडेतीनला प्रयोग घ्यावा. त्या दोन तासांत आतले पंखे, पाणी आणि स्वच्छतागृहाची सफाई चालू राहावी. एका खोलीत दोन साध्या गाद्या टाकून तिथे बाहेरच्या कोणालाही जाऊ देऊ नये. आयोजकांनी सत्कार आणि प्रायोजकांची भाषणे रात्रीच्या प्रयोगाला ठेवावीत. दुपारच्या प्रयोगात ती मधल्या वेळातूनच कापली जातात.

आणि प्रेक्षकांना मनापासून सांगणे: दुपारचे नाटक आवडले तर आत जरूर या, दाराशी उभे राहून हात जोडा, ‘छान झाले’ म्हणा. ते ऐकायला सगळे आसुसलेले असतात. निवांत बोलायचे आणि फोटो काढायचे असतील, तर त्यासाठी रात्रीच्या प्रयोगानंतर दार उघडे आहे. तेव्हा मिशी उतरलेली असते, ताट वाट बघत नसते आणि तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

आपले,
रंगमंचावर आणि रंगमंचामागे काम करणारे काही रंगकर्मी,
मुंबई-ठाणे-पुणे