मुंबईला जाण्याआधी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तिकीट कन्फर्म झाल्याचं बाबांकडून कळलं. मुलाखत एका दिवसात उरकेल, पुढे तू मोकळीच आहेस. फोनवर काही सांगायला गेले की "आई, मॅप आहे ना!" म्हणून गप्प करतेस, तेव्हा लिहूनच पाठवते. मॅपमध्ये रस्ता सापडेल, पण सकाळी सगळं शहर कुठल्या बाजूला धावतं आणि संध्याकाळी कुठे परततं, ते आधी डोक्यात बसलं पाहिजे.

मुंबई उभी आहे. आपल्या अमरावतीसारखी मध्ये गाव आणि चारी बाजूंना वाढलेली वस्ती, असं तिथे नाही. मुळात ती सात बेटं. मधल्या खाड्या बुजवत, भराव घालत ती जोडली गेली आणि समुद्रात घुसलेला एक चिंचोळा पट्टा तयार झाला. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं राहायला उत्तरेला, म्हणून सकाळी सगळे खाली आणि संध्याकाळी सगळे वर. तुला घाई कसली? मावशीकडून, मुलुंडहून, अकराच्या पुढे निघ. परतताना एक तर पाचच्या आत गाडीत बस, नाही तर जेवूनखाऊन आठनंतर. मुलाखतीच्या दिवशी मात्र इलाज नाही, त्या दिवशी तासभर आधी निघ. आणि तिथे कोणी अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. "दादर? चाळीस मिनिटं." तेवढंच.

मुलुंडहून सीएसएमटीला जाशील ती वाट देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीची. 16 एप्रिल 1853 ला हल्लीच्या सीएसएमटीजवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, 34 किलोमीटर. चौदा डबे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. आता त्याच वाटेवर दर काही मिनिटांनी लोकल असते, तेव्हा एखादी सुटली म्हणून पळू नकोस. धावत्या गाडीत चढायचं नाही, हे मी आई म्हणून सांगतेय. ऐक.

लेडीज डब्याचे कायदे कुठे लिहिलेले नाहीत, पण पाळावे लागतात. तू बसलेली असशील तर समोर उभी असलेली बाई हनुवटी उडवून विचारेल, "कुठे?" तू म्हणायचं, "घाटकोपर." झालं, ती जागा घाटकोपरपासून तिची. मग तिसरी येऊन तुला विचारेल, तेव्हा त्या बाईकडे बोट दाखवायचं. शब्द दिला की दिला. तिथे गडबड केलीस तर अख्खा डबा तुझ्यावर तुटून पडेल. तिघींच्या बाकावर चौथी टेकते. तिची अर्धी मांडी हवेतच असते, तरी "जरा सरकून घ्या" म्हटलं की तिघी सरकतात. एकीकडे मटार सोलणं चालू, दुसरीकडे कानातल्यांचा पुठ्ठा हातोहात फिरतोय. मी होस्टेलवर राहून टेलिफोन एक्स्चेंजला नोकरी करत होते तेव्हा निम्म्या मैत्रिणी मला या डब्यातच मिळाल्या. उतरायच्या दोन स्टेशनं आधी उठून दाराच्या रांगेत लाग आणि फलाट कुठल्या बाजूला येणार ते पुढचीला विचारून घे. वेस्टर्न लाइनला कधी बोरिवलीला जायचं झालं तर विरार फास्टमध्ये चढू नकोस. का, ते चढल्यावर विरारच्या बायकाच सांगतील.

रिक्षा मुलुंडला मिळेल, पण शीव आणि माहीमच्या पुढे शहरात रिक्षाला परवानगी नाही. त्या पुढे बेस्टची बस नाही तर काळीपिवळी टॅक्सी. जुनं बेटाचं शहर कुठे सुरू होतं ते अजूनही रिक्षावरून कळतं, याची मला मोठी गंमत वाटते.

बघायचं म्हणशील तर सीएसएमटीच्या बाहेर येऊन रस्ता ओलांड आणि मागे वळून पाहा. ती इमारत 1888 च्या सुमारास पुरी झाली. तिच्या भिंतींवर माकडं, मोर, मुंगूस कोरलेत. बहुतेक लोक लोकल पकडण्याच्या नादात ते न बघता आयुष्य काढतात. तिथून चालत हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी तिथे गोळ्या झेलल्या म्हणून 1 मे 1960 ला हे शहर आपल्या राज्यात आलं. दोन मिनिटं थांब. पुढे ओव्हल मैदानात मधोमध उभी राहा. एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं, एकोणिसाव्या शतकातलं. दुसऱ्या अंगाला 1930 च्या दशकातल्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती. ही दोन्ही मिळून 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली.

गेटवे बघ, पण अर्धा तास पुरे. तिथूनच घारापुरीची बोट सुटते, तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात. तीन मुखांच्या शिवासमोर फोटो काढून लगेच मागे फिरू नकोस. डोळे अंधाराला सरावले की मूर्ती दिसायला लागते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता तिथे नाही. तो भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ते बुधवारी बंद.

समुद्र म्हणशील तर मरीन ड्राइव्ह सगळेच दाखवतील. तू वरळी कोळीवाड्यात जा, आता मेट्रोने वरळीपर्यंत जाता येतं. अरुंद गल्ल्या, दारापुढे जाळी विणत बसलेले म्हातारे आणि टोकाला छोटा किल्ला, समोर सी लिंक. लोकांच्या घरांपुढून जातेस, तेव्हा विचारल्याशिवाय मोबाइल काढायचा नाही. हाजी अलीला जाणार असलीस तर भरतीची वेळ आधी बघ. मोठ्या भरतीला वाट पाण्याखाली जाते आणि वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. दिवाळीनंतर जातेयस हे बरं. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाण्याला समुद्रात जायला वाटच राहत नाही आणि सखल भाग तुंबतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता.

रविवारी बहुतेक रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असतो. पेपरात वेळ बघितल्याशिवाय बाहेर पडू नकोस, नाही तर मावशीकडेच बस, तिलाही बरं वाटेल.

येताना बाजारातून मला सुकवलेल्या कोळंबीचे सोडे आण. तीन पिशव्यांत बांध आणि तुझ्या कपड्यांपासून लांब ठेव, नाही तर मागच्या दिवाळीसारखे बाबा बॅग अंगणात ठेवायला लावतील.

तुझी,
आई